कोरड्या बाजूचा पाऊस

हा लेख लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा गॅसवर काही नसताना गॅस बघायला, एकदा दोरीवरचे कपडे चाचपायला आणि एकदा नुसतीच. बाहेर वायव्येचा वारा सुटलाय. वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला लेकीच्या घरी मी आता निवृत्त बाई म्हणून राहते, आणि त्या वाऱ्याशी माझा कामाचा असा काडीचा संबंध उरलेला नाही. तरी तो सुटला की मला बसवत नाही. नात म्हणते, "आजी, जस्ट सिट!" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी बसते, आणि दोन मिनिटांनी पुन्हा खिडकीशी असते.

वीसएक वर्षं मी दक्षिण बेटावर डोंगरातला पाऊस मोजला. कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे वेधशाळेत?" नाही हो. उद्या पाऊस पडेल का ते सांगणारी माणसं वेगळी, आम्ही पडून गेलेला मोजणारे. ते पत्रिका बघणारे, आम्ही जेवून उठलेली पानं मोजणारे. एकदा एका बाईंचा फोन आला, लेकीचं लग्न मोकळ्यावर आहे, चौदा तारखेला पाऊस पडेल का? मी म्हटलं, पंधराला फोन करा, अगदी अचूक सांगते. बाईंनी फोन आपटला. मला त्यात काही विनोद केल्यासारखं वाटलंच नव्हतं.

मोजायचं यंत्र अगदी साधं असतं. वर नरसाळं, खाली सीसॉसारख्या दोन इवल्याशा पन्हाळ्या. एकीत ठरावीक मापाचं पाणी भरलं की ती कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याचा ठोका तारेतून जातो आणि रेडिओवरून ऑफिसात पोचतो. यंत्राशेजारी एक मुकं भांडं असतं. त्याला तार नाही, वीज नाही. पडेल ते साठवायचं एवढंच त्याचं काम. महिन्या-दोन महिन्यांनी वर जायचं, त्यात काठी बुडवायची आणि यंत्र खरं बोलतंय की खोटं ते ताडून बघायचं. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त विश्वास त्या मुक्या भांड्यावर. हे वाक्य मी नव्या मुलांना इतक्या वेळा ऐकवलंय की मला स्वतःला ते कधी ऐकू आलं नसावं.

आता डोंगराचं सांगते. समुद्रावरून ओली हवा येते, डोंगराला धडकते, वर चढते, गार होते आणि पाणी सोडते. म्हणून जितकं वर जाल तितका पाऊस जास्त. हे शाळेतलं उत्तर, आणि शाळेपुरतं बरोबर. प्रत्यक्षात सर्वांत जास्त पाऊस बरेचदा शिखरावर नसतो, वाऱ्याकडच्या बाजूला शिखराच्या थोडा खाली असतो. शिखरावर वारा एवढा की थेंब नरसाळ्यात न पडता आडवा निघून जातो, म्हणजे जिथं खूप पडतो तिथंच यंत्राला कमी सापडतो. बर्फाची तर आणखी तऱ्हा. नरसाळ्यावर बर्फाची टोपी बसते आणि वादळभर यंत्र शून्य सांगतं. दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं की टोपी वितळते, आणि निळ्या आभाळाखाली यंत्र सांगतं, धो धो पाऊस.

काळाचंही तसंच. एका वर्षाच्या आकड्यावरून डोंगराबद्दल बोलणं म्हणजे एका जेवणावरून सुगरण ठरवणं. दहा, वीस, तीस वर्षं मोजाल तेव्हा कुठं डोंगर तोंड उघडतो. आणि तेवढ्या वर्षांत इतर गोष्टीही बदलतात. एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी घरामागच्या मापकाची तीस वर्षांची वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. पाऊस दर वर्षी थोडा थोडा कमी होत चालल्याचं त्यात दिसत होतं. वर्तमानपत्रात द्यायचं म्हणत होते. मी त्यांच्या घरी गेले, तर मापकावर एका भल्यामोठ्या झाडाची फांदी. झाड तीस वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीनं लावलेलं. पाऊस जिथल्या तिथं होता, झाड वाढलं होतं. मास्तर बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. मग मापक उचलून त्यांनी उन्हात नेऊन ठेवला. मी हसत हसत परत आले. दुसऱ्याच्या डोळ्यासमोरची फांदी मला लगेच दिसली होती.

माझ्या डोळ्यासमोरची फांदी म्हणजे वाई. मी वाईची. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो, पाचगणीला निम्म्यावर येतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत यावं तर अंगणात पापड वाळत असतात. आम्ही मुलं शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून वरचे काळे ढग बघायचो. ढग तिथंच राहणार, इकडे येणार नाहीत, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. डोंगर ओलांडला की पाऊस संपतो. इंजिनियरिंग मी नंतर शिकले, हे आधीच शिकले होते.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आले तेव्हा मला वाटलं, ही तर आपलीच वाई. पश्चिमेला समुद्र, मग उंच पर्वत, पर्वताच्या पश्चिमेला न थांबणारा पाऊस आणि पूर्वेला कोरडी मैदानं. ऑफिसात सगळ्यांना नवल वाटायचं की या बाईला इथला डोंगर इतक्या लवकर कसा कळला. मला स्वतःला नवल वाटायचं नाही, मला अभिमान वाटायचा.

आमच्या एका नदीवर पावसाचे दोन मापक होते. एक पर्वताच्या मुख्य खिंडीत, दुसरा खिंडीच्या पूर्वेला, आमच्या कोरड्या बाजूला, एका घळीच्या तोंडाशी. नेहमी खिंडीत जितका पडेल त्याच्या निम्माही घळीत पडायचा नाही. खाली मैदानात नदीकाठी डगचं मेंढ्यांचं फार्म होतं. डग म्हणजे साठीचा, लांब, कमी बोलणारा माणूस. तिथली नदी एका पात्रातून वाहत नाही, रुंद गोट्यांच्या पट्ट्यातून पाचसहा फाटे फुटून वाहते आणि मधे गवताची बेटं राहतात. वसंतात डग आपल्या मेंढ्या कोकरांसकट त्या बेटांवर चरायला सोडायचा. वर जोराचा पाऊस झाला की आमच्या यंत्राकडून त्याच्या फोनवर आपोआप इशारा जायचा. पाणी खाली पोचायला पाचसहा तास लागतात, तेवढ्यात मेंढ्या बाहेर काढायच्या. काम सोपं नाही. कोकरं पाण्याला घाबरतात, आयांपासून चुकतात, तीन माणसांचा अर्धा दिवस जातो.

घळीच्या मापकाला किआचा फार त्रास होता. किआ म्हणजे तिथला डोंगरी पोपट, हिरवा, हुशार आणि महाव्रात्य. रबर दिसलं की कुरतडायचं. दोनदा त्यानं तार कुरतडली, यंत्रानं खोटे ठोके पाठवले, इशारा गेला आणि डगनं धावपळ करून मेंढ्या काढल्या. थेंबभर पाणी वाढलं नाही. तिसऱ्या वेळी इशारा गेला तेव्हा डगनं मला फोन केला. मी आकडे बघून म्हटलं, "पोपट आहे, डग. राहू दे मेंढ्या." पोपटच निघाला. तेव्हापासून इशारा आला की तो आधी मला फोन करायचा. शेजाऱ्यांना सांगायचा, शुभाला विचारल्याशिवाय हलत नाही. मी ते ऐकून फुगायची.

मग ती दिवाळी आली. तिथली दिवाळी वसंतात येते, आणि वसंतात वायव्येचा वारा. आई वाईहून सहा महिन्यांसाठी आली होती. शनिवार सकाळ, ड्यूटीचा फोन माझ्याकडे, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्या वाऱ्याचं वैशिष्ट्य असं की पश्चिमेला पाणी झडवून तो पर्वत उतरतो तेव्हा गरम आणि कोरडा झालेला असतो. डोंगरावर ढगांची लांबच लांब कमान आणि आपल्या डोक्यावर स्वच्छ निळं आभाळ. आईनं मागच्या डेकवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या, त्यावर जुनी साडी टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले होते.

"काय वारा आहे गं! दुपारपर्यंत कडकडीत होतील," आई म्हणाली. "अगदी आपल्या वाईसारखं. ढग बघ कसे पलीकडेच अडलेत."

"अडणारच," मी म्हटलं.

दहाच्या सुमारास घळीच्या मापकानं इशारा दिला. मी आकडे उघडले. खिंडीत पाऊस बरा होता, फार नव्हता. घळीत मात्र खिंडीपेक्षा जास्त. कोरड्या बाजूला ओल्या बाजूपेक्षा जास्त! मला हसूच आलं. नदीच्या पातळीचा मापक शांत होता, पण तो कित्येक मैल खाली, तिथं पाणी पोचायलाच वेळ लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी तो पुरावा म्हणून धरला. डगचा फोन आलाच.

"शुभा, मेसेज आलाय. पोरं मॅचला गेलीत, मी एकटाच आहे. काढायच्या असतील तर शेजाऱ्याला बोलवावं लागेल."

"पोपट आहे," मी म्हटलं. "डोंगर ओलांडून एवढा पाऊस येत नाही, डग. आकडेच हास्यास्पद आहेत."

"नक्की?"

"नक्की."

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे तिथल्या बोलीत ठीक आहे, आणि त्यानं फोन ठेवला. मी घळीच्या आकड्यांपुढे "संशयास्पद" असा शेरा मारला आणि आईला पापड्या उलटायला मदत करायला गेले.

अडीच वाजता नदीचा मापक चढायला लागला, आणि चढतच गेला. मी डगला फोन करत होते, तो उचलत नव्हता. तो पाण्यात होता. ट्रॅक्टर घेऊन बेटाकडे निघाला होता, मधल्या फाट्यात ट्रॅक्टर बंद पडला, छातीभर पाण्यातून तो मागे फिरला आणि काठावर पोचला. काठावरून त्यानं बघितलं. शंभरावर मेंढ्या आणि त्यांची कोकरं, बेट लहान होत चाललेलं, आणि वर निळं आभाळ. हे मला त्यानं नाही सांगितलं, त्याच्या शेजाऱ्यानं सांगितलं. फार थोड्या वाचल्या.

आई म्हणाली, "अगं, पण तुझा काय दोष? यंत्रच बिघडलं होतं ना?" सोमवारी ऑफिसात हेलन, माझी वरिष्ठ, हेच म्हणाली. "इशारा गेला होता. यंत्राचा इतिहास वाईट आहे. किआनं पुन्हा तार खाल्ली असणार आणि पूर आला खिंडीच्या पाण्यानं. बिघाड म्हणून लिहून टाकू. जाऊन बघून ये, सुटशील." ती मनापासून बोलत होती. माझी ती खरोखर मैत्रीण होती.

हेलिकॉप्टरनं मला घळीत सोडलं. चढ पंचवीसएक पावलांचा. ती पावलं चढताना मी काय मागत होते ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. देवा, एक तरी कुरतडलेली तार दिसू दे. एखादं हिरवं पीस दिसू दे. माणसाच्या मेंढ्या वाहून गेल्या होत्या आणि मी पोपटाच्या पिसासाठी नवस बोलत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं अंगणही वाकडं नव्हतं. तार धड, नरसाळं स्वच्छ, पन्हाळी बोटानं ढकलली की टक्क कलंडत होती. मी गुडघ्यावर बसून मुक्या भांड्याचं झाकण काढलं आणि काठी बुडवली. यंत्रानं सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच पाणी होतं. पुसून पुन्हा बुडवली. तेवढंच.

मी तिथंच खाली बसले. मला आता सगळं समजत होतं, आणि ते नवं काहीच नव्हतं, पुस्तकातलंच होतं. वारा नेहमीचा असेल तर पाऊस पलीकडे झडून जातो. वारा वेडापिसा असेल तर खाली पडायला निघालेल्या थेंबाला, बर्फाच्या भुरभुरीला तर जास्तच, तो उचलून शिखरापलीकडे मैलोगणती नेतो आणि मग टाकतो. त्याच वाऱ्यानं खिंडीतल्या नरसाळ्याला पाऊस सापडू दिला नव्हता, म्हणून खिंडीचा आकडा खोटा होता आणि घळीचा खरा. सह्याद्रीतला वारा असा वागत नाही, आणि वागला असता तरी मला वाईच्या व्हरांड्यातून ते दिसलं नसतं. मी इतकी वर्षं न्यूझीलंडचा पाऊस मोजत होते आणि समजत होते मात्र वाईचा. पायलटनं खालून हाक मारली तेव्हा मी रडत होते.

परतताना मी त्याला डगच्या फार्मवर उतरवायला सांगितलं. डग वाहून गेलेलं कुंपण पुन्हा ताणत होता. मला बघून थांबला नाही.

"सापडला का तो हरामखोर पोपट?" त्यानं विचारलं.

"पोपट नव्हता, डग. यंत्र बरोबर होतं. मी चुकले."

त्यानं तारेला पीळ दिला. आणखी एक दिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू म्हणालीस नक्की," तो म्हणाला.

"हो."

"ओके," तो म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे गेला. मी हेलिकॉप्टरकडे वळले. मग परत निघाले.

ऑफिसात मी "संशयास्पद" शेरा खोडला आणि आमच्या नोंदीत, जी कुणालाही कधीही उघडता येते, लिहिलं की आकडे बरोबर होते, ड्यूटीवरच्या व्यक्तीनं ते चुकीचे समजून दुर्लक्ष केलं. खाली स्वतःचं नाव घातलं. हेलननं वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण खरी झोप उडाली ती पुढे. मला आठवायला लागलं की घळीच्या आकड्यांपुढे मी हा शेरा पहिल्यांदा मारत नव्हते. जुन्या नोंदी काढल्या. दर दोनचार वर्षांनी एखादं वायव्येचं वादळ, घळीत भलताच पाऊस आणि पुढे माझ्या हातचा शेरा. काही ठिकाणी खरंच पोपट होता, काही ठिकाणी मुक्या भांड्याची नोंद सापडली आणि मी आकडे परत जागेवर बसवले. काही ठिकाणी काहीच सापडलं नाही. त्या नोंदींवरून लोकांनी पूल बांधलेत, बंधारे आखलेत, पर्वताच्या कोरड्या बाजूला पाऊस वाढतोय की घटतोय यावर लेख लिहिलेत. त्या पावसातला थोडा मी पुसलेला आहे आणि नेमका किती ते मला कधीच कळणार नाही. लोक म्हणतात, शुभाताई, एवढं काय मनाला लावून घेता? मला दुसरं काही लावून घेता येत नाही.

पुढच्या वसंतात पुन्हा इशारा गेला. मला वाटलं, आता डगचा फोन येणार नाही. आला.

"घळीचा आकडा सांग," तो म्हणाला.

मी सांगितला आणि म्हटलं, "डग, मला वाटतं..."

"नको," तो म्हणाला. शांतपणे, उद्धटपणा अजिबात नव्हता. "मत नको. आकडा पुरे."

त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत, जवळजवळ सात वर्षं, तसंच. वारा सुटला की फोन, आकडा, "चिअर्स" आणि फोन बंद. त्या सात वर्षांत त्याची एक मेंढी वाहून गेली नाही. मी ऑफिसात सगळ्यांची डोंगरातली तज्ज्ञ होते, सभेत माझं मत विचारायचे, नवी मुलं वहीत उतरून घ्यायची. एक माणूस होता ज्याला ते नको होतं, आणि दर वेळी आकडा सांगताना पुढचं वाक्य मी गिळायची. त्याचं बरोबरच होतं. बरोबर असलेली गोष्ट सात वर्षं गिळायची म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजावं.

मी निवृत्त झाले, इकडे लेकीकडे आले. आकडे आता कुणालाही वेबसाइटवर दिसतात. डगला सांगूनही आले नव्हते, काय म्हणून सांगायचं?

मागच्या महिन्यात वारा सुटला होता. भरदुपारी फोन वाजला.

"शुभा? डग बोलतोय."

"डग, अरे, मी आता तिथं नाही. निवृत्त झाले. आकडा हवा असेल तर वेबसाइटवर..."

"माहितीय. आकडा समोरच आहे," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "तुला काय वाटतं?"

मी खिडकीशी गेले. मग विचारायला लागले. खिंडीचा आकडा किती? कमान पर्वताला चिकटलेली आहे की तुझ्या बाजूला सरकलीय? तुझ्याकडे वारा किती, झाडं वाकताहेत की नुसती पानं हलताहेत? वर ताजा बर्फ आहे का? तो एकेक बघून, बाहेर जाऊन येऊन सांगत होता. घाई करत नव्हता. मी म्हटलं, "मला नक्की सांगता येत नाही. पण मेंढ्या काढ, डग. आत्ता काढ."

"सकाळीच काढल्या," डग म्हणाला.